मायका पक्कं झालं

भोपाळच्या निम्म्या मराठी मंडळींच्या कानात त्यांचं नाव पहिल्यांदा सांगितलं ते कोटरा सुल्तानाबादच्या रत्नप्रभा पिंपळापुरे यांनी. निम्म्या हा त्यांचा स्वतःचा अंदाज. खरा आकडा बराच कमी असेल, पण तो त्यांच्या तोंडावर काढायची कुणाची छाती नव्हती. सगळं गाव त्यांना रत्नाआत्या म्हणायचं, आणि त्याला कारण होतं.

बारशाला आत्या लागते. पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बापाच्या बहिणीचा, आणि ते सांगताना बाकीच्या बायका पाठीत जे धपाटे घालतात तो मानही तिचाच. आता महाराष्ट्रातून बदली होऊन भोपाळला आलेल्या एखाद्या इंजिनियरची बहीण असायची सोलापूरला. तिला रजा मिळाली तर रिझर्व्हेशन मिळायचं नाही, आणि रिझर्व्हेशन मिळालं तर सासू आजारी पडायची. अशाच एका बारशाला आयत्या वेळी शेजारची मुलगी म्हणून रत्नाआत्यांना पाळण्यापाशी उभं केलं गेलं. तेव्हा त्या सरकारी कचेरीत नुकत्याच कारकून म्हणून लागल्या होत्या आणि घरात त्यांच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. पाठ चोळत त्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, “मजा आली.” पुढे स्थळं बघणं मागे पडलं, धपाटे मात्र चालू राहिले.

काम बिनपगारी असलं तरी रत्नाआत्या ते कचेरीतल्यापेक्षा चोख करत. कानात सांगायच्या आधी प्रत्येक नावाची परीक्षा व्हायची. पहिली अर्थाची. नावाचा अर्थ न सांगता आलेले कितीतरी बाप त्यांनी दारातूनच परत पाठवले होते. दुसरी परीक्षा हाकेची. रत्नाआत्या गॅलरीत उभ्या राहायच्या आणि जेवायला बोलावल्यासारखी खालच्या गल्लीत त्या नावानं खणखणीत हाक मारायच्या. “ज्या नावानं पोराला भांडणातून घरी आणता येत नाही,” त्या म्हणायच्या, “ते नाव लग्नपत्रिकेवर छापायच्याच कामाचं.” गल्लीला या हाकांची सवय झाली होती. नवीन भाडेकरू तेवढे दचकायचे.

या परीक्षेमुळे नावांच्या फॅशनी त्यांना पाठ झाल्या होत्या. एके काळी ‘अमित’ अशी हाक मारली की गल्लीतली चार पोरं एकदम वर बघायची. मग कौस्तुभांचा सुकाळ आला. हल्ली सगळे विहान आणि कियान. “कुणालाही हाक मारा, शेवटी नुसतं ‘आऽन’ ऐकू येतं,” अशी त्यांची तक्रार होती, “निम्म्या गल्लीला वाटतं काहीतरी आणायला सांगतायत.”

राहत्या घराची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरच्या कचेऱ्याही इकडे आल्या, आणि त्या कचेऱ्यांबरोबर रत्नाआत्यांचे वडील. पुढे त्यांनी कोटऱ्याला हे घर बांधलं. वडील गेले, आई गेली, भाऊ यशवंत आणि वहिनीही गेली. भाचा शैलेंद्र लग्नानंतर कोलार रोडला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. राहता राहिल्या रत्नाआत्या आणि मागची खोली. त्या खोलीला घरात ‘माहेरची खोली’ म्हणत, कारण भाची मंजूषा लग्नानंतर माहेरपणाला आली की तिथंच उतरायची. मंजूषाही आता मेलबर्नला स्थायिक झाली होती. खोलीत जुनी वर्तमानपत्रं आणि न चालणारा कूलर होता.

लग्न न झालेल्या बाईला संसार मिळत नाही म्हणून लोक हळहळतात. रत्नाआत्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांची तक्रार वेगळीच होती. “मला माहेर नाही मिळालं,” त्या हसत हसत सांगायच्या. “ते मिळायला आधी घर सोडून जावं लागतं. मी गेलेच नाही, मग येणार कुठून?” ऐकणारे हसायचे. त्याही हसायच्या, पण हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यात नुसती थट्टा उरली नव्हती.

तर यंदा शैलेंद्रला मुलगा झाला. इतक्या परक्यांच्या मुलांना नावं सांगितल्यावर आता घरचा पाळणा! मंजूषा येऊ शकत नव्हती, म्हणजे मान रत्नाआत्यांचाच. त्यांनी खणाची साडी इस्त्रीला टाकली आणि फोनची वाट बघत बसल्या.

फोन शैलेंद्रच्या बायकोचा, तन्वीचा आला. तन्वी अकोल्याची. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. वडील घर विकून मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तिथं त्यांनाच जेमतेम एक कोपरा होता. त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ती कोलार रोडलाच होती. भोपाळात येऊन तिच्या मराठीत हिंदीही बरीच मिसळली होती.

“आत्या,” ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “मायका पक्कं झालं. शैलेंद्रलाही पसंत आहे. फक्त तुम्ही हो म्हणायचं राहिलंय.”

पोरीला बाळंतपणाच्या वेळी आईचं घर नाही, आणि तिनं माहेर म्हणून निवडलं ते आपलं घर! वर पुन्हा परवानगी मागते!

“अगं, हो म्हणायचं काय त्यात?” त्या जवळजवळ ओरडल्याच. “शंभर वेळा हो!”

“खरंच? मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही.”

“वेडी आहेस का? मी तर वाटच बघत होते.”

तन्वीनं हुश्श केलं आणि फोन ठेवला. मराठीत माहेर ते, नाव ते आणि बाळही ते. एवढ्या संभाषणात व्याकरणानं एकदा तरी इशारा द्यायचा, पण तेही गप्प बसलं.

मग रत्नाआत्यांनी मागच्या खोलीवर हल्ला चढवला. वर्तमानपत्रं रद्दीत गेली, कूलर भंगारात गेला. भिंतीला रंग लागला. साकेत नगरच्या मैत्रिणीकडून शिसवी पाळणा टेम्पोत घालून आणला गेला. डिंकाचे लाडू झाले, अळिवाचे झाले, शेक-शेगडीची सोय झाली. समोरच्या दुबे भाभींनी विचारलं, “दीदी, किसकी शादी है?” तेव्हा रत्नाआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “हमारी तन्वी मायके आ रही है. यहीं, मेरे पास.” बघता बघता ही बातमी दुधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत गेली. रत्नाआत्या इतक्या खूश होत्या की दोन दिवस त्यांनी कुणाच्या नावात खोट काढली नाही.

शैलेंद्र बारशाचं ठरवायला आला तेव्हा त्या खोलीचा पडदा लावत होत्या. त्यानं रंगवलेली भिंत पाहिली, पाळणा पाहिला.

“आत्या, ही खोली कुणासाठी?”

“कुणासाठी म्हणजे? तुझ्या बायकोसाठी. मायका पक्कं झालं ना?”

शैलेंद्र जो हसत सुटला तो खुर्चीतच बसला. “आत्या, मायका हे नाव आहे! बाळाचं! हिब्रू नाव आहे, फार जुनं. इंग्रजीत तसं म्हणतात.”

“नाव?” रत्नाआत्यांच्या हातात पडद्याची दांडी तशीच राहिली.

“अर्थ पण मस्त आहे. ‘देवासारखा कोण?’ आणि सध्या तिकडे जाम पॉप्युलर आहे, माहितेय? अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. एकेका शाळेत दोन-तीन मायका असतात.”

“आणि आपला राहणार कुठे?”

“कोलार रोडला.”

“मग कोलार रोडला किती पॉप्युलर आहे ते आधी विचारून ये,” रत्नाआत्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मागून शैलेंद्रचं हसणं ऐकू येतच होतं. तो फोनवर तन्वीला सगळा किस्सा रंगवून सांगत होता.

खरं सांगायचं तर रत्नाआत्यांना राग नावाचा आलाच नव्हता. कुणीतरी आपल्याकडे येणार म्हणून त्यांनी घर सजवलं होतं, आणि कुणीच येणार नव्हतं. एवढंच दुखत होतं. पण ते सत्तरीच्या बाईनं कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं? नावाला नावं ठेवणं त्यापेक्षा सोपं होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं भोपाळात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाकेची परीक्षा झाली. रत्नाआत्या गॅलरीत आल्या, पदर खोचला, आणि “मायका! ए मायकाऽ!” अशी हाक दिली. भाजीवाल्यानं गाडी थांबवली. दुबे भाभी गेटबाहेर आल्या.

“किसका मायका, दीदी? क्या हुआ?”

“पोते का नाम है, भाभी.”

दुबे भाभींनी तोंडाला पदर लावला. “हाय राम! और दूसरा हुआ तो क्या ससुराल रखेंगे?”

भाजीवाला हसला. इस्त्रीवाला हसला. रत्नाआत्यांना इतर वेळी हा विनोद स्वतः सुचला असता आणि त्यांनी तो गावभर सांगितला असता. आज त्या तडक आत आल्या आणि त्यांनी शैलेंद्रला फोन लावला.

“हे बघ, पोरगं भुकेलं की ‘मायका भूखा है’. झोपलं की ‘मायका सो गया’. याला शाळेत पोरं जगू देतील का? मी हे नाव कानात सांगणार नाही.”

“पण तू तन्वीला हो म्हणालीस.”

“मी खोलीला हो म्हणाले.”

शैलेंद्रही पिंपळापुरेच. तोही अडला. “ठीक आहे. मंजूषाताई व्हिडिओवरून सांगेल. शेवटी सख्खी आत्या तीच आहे.”

रत्नाआत्यांनी फोन ठेवला. सख्खी हा शब्द आजवर कुणीच त्यांच्यासमोर काढला नव्हता. गावभर आत्या म्हणून मिरवलं, आणि घरच्याच बारशाला त्या पाहुण्या ठरल्या.

दुपारी मनोरमा साळवे आल्या. पाळणा यांचाच. मनोरमाबाई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती, साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. बोलणं इंजेक्शन दिल्यासारखं, आधी सांगून टोचायचं.

“पाळणा घेऊन जा बाई तुझा,” रत्नाआत्या म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं.

मनोरमाबाई हसल्या नाहीत. “अगं, हा तर आमचा मीखा! मराठीत आम्ही मीखा म्हणतो. बायबलमधला संदेष्टा होता. खेड्यातला माणूस, शहरातल्या बड्या लोकांना सुनवायला यायचा. माझ्या मामेभावाचं नाव तेच.”

“त्याला हाक काय मारायचात?”

“मिक्या.”

“बघ! आणि अर्थ?”

“त्याच्यासारखा कोण? म्हणजे देवासारखा.”

“हा तर प्रश्न झाला. नाव कुठाय?”

“असू दे की प्रश्न.”

“आणि उत्तर?”

“कुणी नाही, हेच उत्तर.”

“उत्तर माहीत आहे तर विचारायचं कशाला?”

“तुला नाही कळायचं,” मनोरमाबाई म्हणाल्या. “मी हजारो बाळंतपणं पाहिली. बाळ हातात दिलं की प्रत्येक आई तोंडाकडे बघून मनात हेच विचारते, याच्यासारखा आहे का कुणी? कोणत्याही धर्माची असो. उत्तर ठरलेलं असतं, तरी विचारतेच.” मग त्यांनी चष्म्यातून खोलीकडे पाहिलं. “आता टोचणार आहे. रत्ना, तुला ते नाव खुपतंय की ही खोली?”

“चहा टाकू का?” रत्नाआत्यांनी विचारलं.

“टाक. पाळणा आज नेत नाही मी. टेम्पो नाही.” टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, हे दोघींनाही दिसत होतं.

बारशाला जायचं की नाही यावर रत्नाआत्यांनी खूप विचार केला, म्हणजे साडी नेसता नेसता केला. कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये बायका जमल्या होत्या. भाड्यानं आणलेल्या पाळण्याला फुगे लावले होते. समोर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये मेलबर्नची मंजूषा नथ घालून बसली होती. रत्नाआत्या दारापाशीच्या खुर्चीत बसल्या. लाडवांचा डबा मांडीवर होता, तो त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही.

आतून तन्वीनं त्यांना बोलावलं. ती पलंगावर बाळाला घेऊन बसली होती, डोळे सुजलेले होते.

“आत्या, शैलेंद्रनं मला फोनवर तो खोलीचा किस्सा सांगितला,” ती म्हणाली. “तो हसत होता. मला हसू नाही आलं.”

“जाऊ दे गं. म्हातारीचा कान.”

“नाही, ऐका. त्याला त्या नावाचा अर्थ आवडला. मला अर्थाचं काही नव्हतं. मला त्याचा आवाज आवडला होता.” तिनं बाळाच्या टोपड्यावरून हात फिरवला. “आईचं घर विकलं तेव्हापासून मायका हा शब्द माझ्यासाठी कुणी उच्चारतच नाही. मला वाटलं, निदान दिवसातून दहादा हाक तरी मारता येईल. वेडेपणाच आहे. लोक हसणार, ठाऊक आहे मला.”

रत्नाआत्यांना ते अजिबात वेडेपणाचं वाटलं नाही.

“नाव तुम्ही म्हणाल ते ठेवू,” तन्वी म्हणाली. “मी शैलेंद्रला समजावते. पण आत्या, ती खोली... अजून आहे का हो? की मोडली?”

“आहे,” रत्नाआत्या म्हणाल्या. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि तिच्या हातात डिंकाचा लाडू ठेवला. “खा आधी. काय अवतार झालाय!”

बाहेर गडबड सुरू झाली. पाळण्याच्या खालून-वरून बाळाची ये-जा झाली, गोविंद-गोपाळ झाले, आणि कानात नाव सांगायची वेळ आली. शैलेंद्रनं मोबाइल उचलला. मंजूषा आतून ओरडली, “ए, मला कुठे नेतोस? आत्या तिथं बसलेली असताना मी काय सांगणार? आणि धपाटे कुणाला घालणार, फोनला?”

सगळ्यांनी रत्नाआत्यांकडे पाहिलं. शैलेंद्रनंही पाहिलं आणि मान खाली घातली. “आत्या,” तो पुटपुटला, “सख्खी वगैरे मी उगाच बोललो. चल ना.”

रत्नाआत्या उठल्या. आता सगळं त्यांच्या हातात होतं. मनात ‘मिलिंद’ कधीचं तयार होतं. अर्थ चांगला, हाकेला उत्तम, शिवाय त्यांच्या वडिलांनी यशवंतसाठी पहिल्यांदा तेच ठरवलं होतं. त्या पाळण्यावर वाकल्या. बाळ जागं होतं आणि त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होतं, यशवंत रुसला की बघायचा तसंच. याच्यासारखा आहे का कुणी, असं त्यांच्या मनात आलं. मनोरमा म्हणाली होती तसं, उत्तर ठरलेलंच होतं.

त्यांनी कानाशी तोंड नेलं. कुर्रऽ केलं. पाठीत धपाधप धपाटे पडले. मग त्या सरळ झाल्या आणि गॅलरीतून हाक मारायच्या आवाजात म्हणाल्या, “नाव ठेवलंय मायका. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. नंतर चालणार नाही.”

कुणी हसलं नाही. तन्वी तेवढी रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी रत्नाआत्यांबरोबर दोघं मायलेकरं कोटऱ्याला आली. गाडी थांबताच दुबे भाभी गेटपाशी हजर. “आ गई बहू मायके?”

“आ गई, भाभी,” रत्नाआत्या बाळ सांभाळत उतरल्या. “मायका भी आ गया.”

संध्याकाळी तन्वी मागच्या खोलीत गाढ झोपली होती. बाळ शिसवी पाळण्यात होतं. रत्नाआत्यांनी दार लोटलं, बाहेर येऊन मनोरमाबाईंना फोन लावला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “मनोरमा, सगळ्या बायकांना माहेर घर सोडून गेल्यावर मिळतं. मी कुठं गेलेच नाही. तरी माझं मायका आलं बघ. आपल्या पायांनी चालत आलं.”

“चालत कुठलं?” मनोरमाबाई म्हणाल्या. “अजून मान तरी धरतंय का ते?”

“नाही,” रत्नाआत्या डोळे पुसत म्हणाल्या, “तोवर मीच धरेन.” आणि आतून रडण्याचा आवाज आला तशा फोन तसाच टेबलावर ठेवून त्या मागच्या खोलीकडे धावल्या.